आंब्याच्या खोलीतले बारा सेन्सर

तुर्भ्याच्या घाऊक फळबाजारात माझ्या मामांचा गाळा आहे आणि बाजाराला लागूनच त्यांची आंबा पिकवण्याची एक खोली आहे, जिला बाजारात सगळे नुसते ‘चेंबर’ म्हणतात. दहा टन माल मावेल एवढी ही खोली पफ पॅनेलची आहे, म्हणजे दोन्ही बाजूंनी पत्रा आणि मध्ये फोम. आत शीतयंत्र आणि पंखे आहेत, इथिलीन सोडणारा जनरेटर आहे आणि दारावर तापमान दाखवणारा एक डिजिटल आकडा आहे. तो आकडा मार्चपासून मेपर्यंत बहुतेक वेळ १९.५ आणि २०.५ अंशांच्या मध्ये असे. तरीही गेल्या हंगामात अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर एका जुन्या गिऱ्हाइकाने तीस क्रेट परत पाठवली. एकाच दिवशी, एकाच बागेतून आलेला, एकाच खोलीत चार दिवस ठेवलेला माल होता, पण काही क्रेटमधला आंबा देठाशी हिरवट राहिला होता आणि काही क्रेटमधला बोटाच्या दाबाने खचत होता.

मी ऐरोलीला एका कंपनीत डेटा विश्लेषणाचे काम करते. मामांनी फोन करून एवढेच विचारले की, “तुमच्या त्या सेन्सरनी हे कळेल का?” मी हो म्हटले. ते ‘हो’ खरे करायला मला अख्खा हंगाम लागला, आणि त्या काळात जे शिकले ते लिहून ठेवावे असे वाटले, कारण जोडलेल्या उपकरणांच्या डेटावर काम करणारी बहुतेक मंडळी, मीही त्यातच होते, उपकरण जिथे बसवले आहे त्या जागेपासून फार लांब बसून काम करतात.

आंबा झाडावरून उतरवल्यानंतरही श्वसन करीत राहतो. तो प्राणवायू घेतो, कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि उष्णताही सोडतो. पिकण्याची क्रिया इथिलीन वायूने सुरू होते, जो फळ स्वतःही तयार करते. गवताची अढी घालण्याच्या जुन्या पद्धतीत हाच इथिलीन आणि हीच ऊब फळाभोवती कोंडून ठेवलेली असते. चेंबरमध्ये तेच काम मोजूनमापून करायचे असते. कॅल्शियम कार्बाइड वापरण्यास २०११च्या नियमांनुसार बंदी आहे आणि इथिलीन हवेत १०० पीपीएमपर्यंत, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांपर्यंत, वापरण्याची परवानगी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने दिलेली आहे. म्हणजे मोजायच्या गोष्टी ठरलेल्या होत्या: तापमान, आर्द्रता, कार्बन डायऑक्साइड आणि दार कधी उघडले ते. इथिलीनचे मोजमाप जनरेटरबरोबर आलेल्या मीटरवर सोपवून मी त्यात हात घातला नाही.

तापमानासाठी डीएस१८बी२० जातीचे, पोलादी नळीत बंद केलेले बारा प्रोब, म्हणजे वायरीच्या टोकाला असलेले सेन्सर, घेतले आणि ते चार-चार करून तीन ईएसपी३२ बोर्डांना, म्हणजे वाय-फाय असलेल्या छोट्या संगणकांना, जोडले. एक बोर्ड दाराजवळ, एक मधल्या खांबावर आणि एक मागच्या भिंतीवर बसवला. बोर्ड वाय-फायवरून एमक्यूटीटीने नोंदी पाठवत आणि त्या मामांच्या ऑफिसातल्या एका जुन्या संगणकावर साठत. एमक्यूटीटी ही उपकरणांनी छोटे संदेश पाठवण्याची पद्धत १९९९ साली अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लन निपर यांनी तेलवाहिन्यांच्या देखरेखीसाठी तयार केली होती. उपग्रहाची महागडी, तुटक जोडणी गृहीत धरूनच ती आखलेली असल्यामुळे आंब्याच्या खोलीतल्या अडखळत्या वाय-फायवरही ती टिकून राहते, याचे मला पुढे अनेकदा कौतुक वाटले.

बसवण्याआधी सगळे प्रोब तपासणे गरजेचे होते, आणि ही एक पायरी मी कोणालाही गाळू देणार नाही. उत्पादकाच्या मते या प्रोबची अचूकता अधिकउणे अर्धा अंश असते. एकटा प्रोब वापरायचा असेल तर ते चालते. पण मला दोन कोपऱ्यांतला फरक शोधायचा होता, आणि एक प्रोब अर्धा अंश वर व दुसरा अर्धा अंश खाली असेल तर नसलेला एक अंशाचा फरक दिसू शकतो. मी घरी मिक्सरमध्ये बर्फ बारीक केला, तो मोठ्या थर्मासात भरून त्यात बर्फ जेमतेम बुडेल एवढे थंड पाणी घातले, बारा प्रोबना एकत्र रबरबँड लावला आणि त्यांची टोके तळाला टेकणार नाहीत अशी त्या लगद्यात बुडवली. वितळत्या बर्फाचे तापमान शून्य अंश असते, त्यासाठी वेगळा प्रमाणित तापमापक लागत नाही. वीस मिनिटांनी बहुतेक प्रोब शून्याच्या आसपास पाव अंशात होते, चौथा ०.४४ दाखवत होता आणि अकरावा उणे ०.३१. हे फरक मी प्रत्येक प्रोबच्या नावापुढे लिहून ठेवले आणि पुढे प्रत्येक नोंदीतून वजा केले. प्रत्येक प्रोबला कारखान्यातच ६४ बिटांचा स्वतःचा क्रमांक मिळालेला असतो. त्या क्रमांकाची शेवटची चार अक्षरे मी कापडी पट्टीवर लिहून वायरीला बांधली. या पट्ट्यांचा उपयोग पुढे येईल.

पहिल्या आठवड्यात दर दहा सेकंदांनी नोंद घेतली, म्हणजे बारा प्रोबच्या मिळून दिवसाला १,०३,६८० नोंदी झाल्या. खोलीचे तापमान दहा सेकंदांत बदलत नाही, म्हणून नंतर ते अंतर एक मिनिट केले आणि दिवसाच्या नोंदी १७,२८० वर आल्या. त्यात काही हरवले असे मला कधीच जाणवले नाही.

पहिला आलेख काढला तेव्हा तापमान ८५ अंशांवर गेलेले दिसले, एकदा नव्हे, दिवसातून चार-पाच वेळा, आणि दरवेळी नेमके ८५. हा आकडा त्या प्रोबच्या जन्मखुणेसारखा आहे: वीज आल्यावर पहिले मोजमाप पूर्ण होण्याआधीच कोणी वाचले तर तो ८५ सांगतो. बारा बिटांच्या मोजमापाला त्याला ७५० मिलिसेकंद लागतात आणि आमचा बोर्ड वीज खालीवर झाल्यावर पुन्हा सुरू होताना तेवढे थांबत नव्हता. याचप्रमाणे उणे १२७ हा आकडा म्हणजे प्रोबशी संपर्क तुटला असे प्रोब वाचणारी सॉफ्टवेअर लायब्ररी सांगत असते. हे दोन्ही आकडे वगळणे सोपे आहे. पण नुसते वगळून पुढे जाण्याऐवजी ते कोणत्या मिनिटाला आले याची वेगळी यादी केली, तेव्हा चेंबरचा कॉम्प्रेसर सुरू होताना वीजदाब क्षणभर पडतो हे कळले आणि बोर्डांना वेगळी वीजजोडणी दिली.

वेळेचा घोळ याहून जास्त त्रासदायक होता, कारण तो चुकीचा दिसत नाही. दाराच्या सेन्सरप्रमाणे रोज रात्री साडेदहाला दार उघडझाप करायला लागत होते. मामांनी ते पाहिले आणि त्यांचा चेहरा पडला, कारण रात्री साडेदहाला कुलूप असते आणि किल्ली दोघांकडेच असते. मला खुलासा व्हायला अर्धा तास लागला. साठवणुकीत वेळ जागतिक प्रमाणवेळेनुसार जात होती आणि आपली वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. पहाटे चारला माल काढायला सुरुवात होते, ती आदल्या रात्रीच्या साडेदहाला नोंदली जात होती. संशयाची सुई दोन प्रामाणिक माणसांवर अर्धा तास का होईना, पण फिरली होती, याचे मला आजही वाईट वाटते. याच कारणाने माझी रोजची सरासरी मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंतची नसून पहाटे साडेपाच ते साडेपाचची निघत होती, म्हणजे माल भरण्या-काढण्याची गडबड दोन वेगवेगळ्या दिवसांत विभागली जात होती. त्यातच काही नोंदींवर १ जानेवारी १९७० ही तारीख होती, कारण या बोर्डात बॅटरीवरचे घड्याळ नसते आणि पुन्हा सुरू झाल्यावर इंटरनेटवरून वेळ मिळेपर्यंत तो तिथूनच मोजायला लागतो. त्या नोंदी टाकून न देता बोर्डाच्या स्वतःच्या मोजणीक्रमांकावरून त्यांची खरी वेळ बसवता आली. दुबार नोंदींचेही तसेच. पोच मिळाली नाही तर एमक्यूटीटी तोच संदेश पुन्हा पाठवते, म्हणून प्रोबचा क्रमांक, बोर्डावरची वेळ आणि मोजणीक्रमांक हे तिन्ही एक असतील तर एकच नोंद ठेवली.

एवढे झाल्यावर आलेख सुंदर दिसायला लागला. बारा प्रोबची सरासरी २०.१. दारावरचा आकडा २०. मी मामांना सांगितले की खोली चांगली चालली आहे, मालातच फरक असावा.

तिथे मुकादमकाका होते. ते मूळचे राजापूरकडचे आणि तीस वर्षे आंब्याचेच काम करतात. त्यांच्याजवळ एक वही असते. तीत प्रत्येक गाडीचा माल, बाग, तोडीचा दिवस आणि चौथ्या दिवशी क्रेट उघडल्यावर काय दिसले ते, बारीक अक्षरात लिहिलेले असते: ‘पुढचा थर देठाशी हिरवा’, ‘मागची खालची चार मऊ, डागी’, ‘वास चांगला, रंग उशिरा’. माझ्या निष्कर्षावर ते वाद घालत बसले नाहीत. वही पुढे करून म्हणाले, “बाय, मागच्या भिंतीकडचा माल नेहमी आधी होतो. ह्यात बघ.”

मी त्या वहीतल्या सहा आठवड्यांच्या नोंदी संगणकात उतरवल्या. हे काम कंटाळवाणे होते, पण सबंध हंगामात मी केलेले सर्वांत मोलाचे काम तेच. तोवर माझ्याजवळ मोजमापे होती, फळाचे काय झाले ते नव्हते. क्रेटची जागा, थर आणि चौथ्या दिवशीची स्थिती ही प्रोबच्या जागेशी जोडून पाहिली, तर काकांचे म्हणणे स्पष्ट दिसत होते: मऊ पडलेला माल बहुतेक मागच्या भिंतीच्या खालच्या तीन थरांतला होता. मग मागच्या चार प्रोबना ते का दिसले नाही?

उत्तर नोंदींमध्ये नव्हते, नोंदी नसलेल्या मिनिटांमध्ये होते. वाय-फाय तुटल्यामुळे काही मिनिटे गळत होती आणि ती रिकामी जागा मी आधीच्या आकड्याने पुढे भरून काढत होते. ही रीत सर्रास वापरली जाते आणि गळती कुठेही, कशीही विखुरलेली असेल तर फारसे बिघडत नाही. गळालेली मिनिटे प्रत्येक बोर्डासाठी वेगळी मांडली, तेव्हा दारातल्या बोर्डाची गळती जवळजवळ शून्य होती. मागच्या बोर्डाची मात्र खोली रिकामी असताना नगण्य आणि खोली भरलेली असताना दिवसाच्या एक तृतीयांशाइतकी होती. कारण समजले तेव्हा ते अगदी साधे वाटले. आंब्यात बहुतांश पाणी असते आणि वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात. भिंती पत्र्याच्या, मध्ये दहा टन आंबा आणि राउटर बाहेर ऑफिसात. म्हणजे खोली जितकी भरलेली, तितका मागचा बोर्ड मुका होत होता, आणि खोली भरलेली असतानाच फळांची ऊब सर्वांत जास्त असते. जी वेळ पाहायला आम्ही सेन्सर लावले होते, नेमकी तीच वेळ गळत होती, आणि मी ती जागा आदल्या, थंड असतानाच्या आकड्याने भरत होते.

त्या नोंदींतला एका दिवसाचा तुकडा मला पाठ झाला आहे. सातव्या प्रोबवर सकाळी ११.१२ला २०.४ अंश. त्यानंतर दुपारी ३.०५पर्यंत काहीच नाही. ३.०५ला २३.३. माझ्या आलेखात या चार तासांत २०.४ची एक सरळ, शांत रेघ होती आणि शेवटी एक उडी, जी मी आधी प्रोबची गडबड समजून सोडून दिली होती.

उपाय दोन केले. बोर्डाच्या स्मृतीत नोंदी साठवून ठेवण्याची सोय केली, म्हणजे संपर्क आला की मागच्या सगळ्या नोंदी त्यांच्या मूळ वेळेसकट जाव्यात. आणि नंतर पॅनेलला छोटे भोक पाडून, वायर बाहेर काढून ते भोक फोम आणि सीलंटने नीट बंद करून बोर्डच खोलीबाहेर नेला. पुढच्या भरतीला पहिल्यांदा खरी वक्ररेषा दिसली: मागच्या खालच्या प्रोबचे तापमान दुसऱ्या दिवशी दुपारी २४.८ अंशांपर्यंत चढले होते, तेव्हा दारावरचा आकडा १९.८ दाखवत होता. रिकामी मिनिटे मी आता कधीही भरत नाही. आलेखात ती रिकामीच ठेवते, आणि किती मिनिटे रिकामी आहेत हा आकडा तापमानाच्या शेजारी छापते.

कार्बन डायऑक्साइडची गोष्टही अशीच, पण तिथे चूक नोंद नसल्याची नव्हती, उपकरणाने स्वतःच केलेल्या दुरुस्तीची होती. पहिला सेन्सर ५,००० पीपीएमपर्यंतच मोजणारा होता. दार बंद झाल्यावर दोन-तीन तासांत त्याची रेघ ५,०००ला टेकायची आणि तिथेच टेबलाच्या कडेसारखी सपाट राहायची. विक्रेत्याने ‘शेतमालासाठी चालेल’ म्हणून दिला होता. ज्या खोलीत एक टक्का म्हणजे १०,००० पीपीएम ही काळजीची मर्यादा आहे, तिथे तो निरुपयोगी होता. वायू एक टक्क्याच्या वर गेला की इथिलीनचा परिणाम मंदावतो आणि आंबा देठाशी हिरवा राहतो. म्हणून दहा टक्क्यांपर्यंत मोजणारा इन्फ्रारेड सेन्सर आणला. पहिले काही दिवस त्याचे आकडे पटण्यासारखे होते, नंतर ते दर दिवशी खाली खाली येत गेले. खोलीत माल तेवढाच, दार तेवढेच बंद, आणि वायू मात्र कमी होत चाललेला.

याच सुमारास काका पहाटे दार उघडताना म्हणाले, “आत कोंदट मारतंय.” मी लगेच पडद्यावर पाहिले, आकडा ठीक होता. त्यांचे नाक आणि माझा सेन्सर यांत एकाचे चुकत होते. सेन्सर काढून बाहेर व्हरांड्यात, मोकळ्या हवेत ठेवला. बाहेरच्या हवेत हा वायू सुमारे ४२० पीपीएम असतो. पंधरा मिनिटांनीही सेन्सर शून्य दाखवत होता.

अशा अनेक सेन्सरमध्ये आपोआप शून्य जुळवण्याची सोय असते. गेल्या काही दिवसांतला सर्वांत खालचा आकडा म्हणजे बाहेरची ताजी हवा असणार, असे धरून तो आकडा ४०० समजला जातो. घरात किंवा ऑफिसात हे बरोबर आहे, रात्री माणसे निघून जातात आणि हवा खरोखरच बाहेरच्यासारखी होते. भरलेल्या चेंबरला ताजी हवा अशी कधी मिळतच नाही, म्हणून सेन्सर रोज कोंदलेल्या हवेलाच ताजी हवा समजून तेवढे वजा करीत होता. ही सोय बंद केली, व्हरांड्यातच नव्याने शून्य जुळवले आणि परत लावला. त्या रात्री दार बंद केल्यावर बारा तासांच्या आतच आकडा एक टक्क्याच्या पुढे गेला. चेंबरमध्ये हवा बदलण्याचे वेळापत्रक चोवीस तासांनी एकदा असे होते. भर हंगामात, खोली ओसंडून भरलेली असताना, ते पुरत नव्हते. आता आकडा ८,००० झाला की बाहेर फेकणारा पंखा आपोआप चालू होतो, आणि माणूस आत जाण्याआधी काही वेळ दार उघडे ठेवायचे हा नियमही दारावर लिहून लावला आहे, कारण असा वायू साठलेल्या खोलीत शिरणे फळापेक्षा माणसाला जास्त धोक्याचे आहे.

हिरव्या देठांचे कारण असे सापडले. मागच्या उबेचे कारण मात्र तापमानाच्या आकड्यांत शोधून मिळाले नसते. हवा कुठून फिरते हे पाहायला हवे होते. इथिलीन बंद करून खोली पूर्ण हवेशीर केली, पंखे चालू ठेवले आणि काकांनी एक उदबत्ती पेटवून माझ्या हातात दिली. थप्पीच्या वर धरली की धूर आडवा, जोरात शीतयंत्राकडे परत जायचा. मागच्या भिंतीशी गुडघ्याएवढ्या उंचीवर धरली तर तो सरळ वर, संथ चढत राहायचा, जणू घरातल्या देवघरात लावली आहे. थंड हवा मालातून जायचे सोडून वरच्या मोकळ्या जागेतून परत फिरत होती. क्रेट भिंतीला चिकटवून लावलेली होती, आणि दोन कंपन्यांची क्रेट एकावर एक ठेवल्यामुळे त्यांची भोके एकमेकांसमोर येत नव्हती.

उपाय काकांनीच सुचवला. अढीतसुद्धा वारा खेळायला जागा ठेवायची असते, थर दाबून बसवले की मधला आंबा ‘उकडतो’, असे ते म्हणाले. मागच्या भिंतीपासून वीतभर जागा सोडायची, एकाच जातीची क्रेट एका थप्पीत लावायची आणि थप्पीच्या वरची मोकळी जागा ताडपत्रीने बंद करायची, म्हणजे हवेला मालातूनच जावे लागेल. माल लावणाऱ्या माथाडी कामगारांशी काका स्वतः बोलले आणि जमिनीवर पिवळ्या रंगाने रेघ ओढून घेतली. पुढच्या भरतीत सर्वांत उबदार आणि सर्वांत थंड प्रोबमधला फरक पाचवरून दोनच्या खाली आला. मला पडद्यावर तो फरक दिसायच्या आधी, तिसऱ्या दिवशी, काकांनी मागचे क्रेट उघडून हाताने सांगितले होते.

आणखी दोन गोष्टी इथेच नोंदवते. हवेचे तापमान आणि गराचे तापमान या वेगळ्या गोष्टी आहेत. गरापर्यंत बदल पोचायला आमच्या खोलीत सहा-सात तास लागत होते. गर मोजायला एका आंब्यात प्रोब खुपसावा लागतो, पण जखम झालेला आंबा स्वतः जास्त इथिलीन सोडतो आणि लवकर पिकतो, म्हणून तो आंबा रोज बदलावा लागतो, नाहीतर आपण एका आजारी फळाचे तापमान साऱ्या खोलीचे म्हणून मोजत बसतो. दुसरी गोष्ट साक्याची. हापूसच्या गरात पडणारा साका, म्हणजे गर पांढरट आणि स्पंजासारखा होण्याचा दोष, बाहेरून दिसत नाही आणि या बारा प्रोबपैकी कोणालाही तो कळत नाही. मामांच्या एका व्यापारी मित्राला मी हे स्पष्ट सांगितले, कारण सेन्सर लावले की साका थांबेल अशी त्यांची समजूत झाली होती.

इशाऱ्यांचे थोडे सांगायला हवे. सुरुवातीला २२ अंशांच्या वर गेले की मामांच्या मोबाइलवर संदेश, अशी सोय केली होती. पहाटे दार उघडे असताना एका दिवसात एक्केचाळीस संदेश गेले आणि मामांनी ते पाहायचे सोडून दिले. आता दार बंद असेल, तापमान सलग वीस मिनिटे मर्यादेवर असेल आणि वाढतच असेल, तरच संदेश जातो. हंगामाच्या शेवटच्या महिन्यात असे तीनच संदेश गेले. त्यांतला एक पंखा जळाल्याचा होता, आणि तो पहाटे तीनला आल्यामुळे माल वाचला.

मे महिन्याच्या अखेरीस खोली धुतली तेव्हा प्रोब काढून ठेवले होते, आणि परत लावताना कोणीतरी पाचवा आणि सातवा अदलाबदल केला. वायरीला बांधलेल्या कापडी पट्ट्या पाण्याने पुसट झाल्या होत्या. पण दार उघडल्यावर कोणता प्रोब किती मिनिटांनी तापतो, ही प्रत्येक जागेची स्वतःची सवय डेटात दिसत होती, आणि मागच्या भिंतीवरचा म्हणून नोंदलेला प्रोब दाराजवळच्यासारखा वागत होता. क्रमांक ताडून पाहिले, तेव्हा अदलाबदल कळली. आता पट्ट्यांऐवजी पत्र्याचे बिल्ले आहेत, आणि क्रमांकांची यादी काकांच्या वहीच्या शेवटच्या पानावरही आहे.

यंदा पाडव्याच्या आधी पुन्हा बर्फाची चाचणी केली. या वेळी माझ्या घरी नव्हे, गाळ्यावरच, काकांसमोर. अकरा प्रोब गेल्या वर्षीच्याच आकड्यांच्या जवळ होते. सातवा उणे ०.९ दाखवत होता, त्याच्या नळीत बहुधा पाणी शिरले असावे. तो काढून टाकला. नव्या प्रोबचा क्रमांक आणि त्याचा बर्फातला आकडा काकांनी आपल्या वहीत लिहून घेतला, आणि त्याच पानावर खाली त्या दिवशी आलेल्या पहिल्या गाडीचा माल: देवगड, बावीस क्रेट, तोड आदल्या दिवशीची.